रद्द केलेल्या वर्गणीपोटी आईच्या खात्यातून वर्षभराचे शुल्क कापल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : मासिक वर्गणी रद्द केल्यानंतर संमतीशिवाय वळती केलेली वार्षिक रक्कम परत मिळणे, तसेच ऑटोपे मँडेट (खात्यातून ठरावीक काळाने आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी) कायमचे रद्द होणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या ऑडिओ पुस्तकांच्या ॲपची मासिक वर्गणी मी माझ्या आईसाठी घेतली होती. गरज संपल्यावर ती रीतसर रद्दही केली. त्यानंतर काही महिन्यांनी आपल्या कंपनीने आईच्या बँक खात्यातून पूर्ण वर्षाचे शुल्क वळते करून घेतले. कस्टमर केअरशी चॅटवर बोलून झाले, ईमेल करून झाले. दरवेळी तेच छापील उत्तर येते आणि तक्रार 'निकाली' म्हणून बंद केली जाते. म्हणून आता थेट आपल्याला लिहीत आहे.

आईला वाचनाचे वेड आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला काही काळ डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावले, तेव्हा पुस्तकाशिवाय दुपार कशी काढायची हा तिच्यापुढे खरोखरच प्रश्न होता. आपल्या ॲपने तिची फार चांगली सोय केली, हे मी मोकळेपणाने लिहिते. वाचणाऱ्यांचे आवाज स्वच्छ आहेत, उच्चार शुद्ध आहेत, आणि गती कमी-जास्त करण्याची सोय तिच्या वयाच्या माणसालाही सहज जमते. दृष्टी स्थिरावल्यावर तिने पुन्हा पुस्तक हातात घेतले आणि मला म्हणाली, "आता ते बंद करून टाक, ऐकत नाही तर उगाच पैसे कशाला द्यायचे?" तिच्याच फोनवर, ती शेजारी बसलेली असताना, मी वर्गणी रद्द केली.

रद्द करण्याची वाट आपण कशी ठेवली आहे ते एकदा स्वतः फोन हातात घेऊन पाहावे. 'माझे खाते' मध्ये हा पर्याय नाही. तो 'मदत' मध्ये आहे, तिथेही वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या तळाशी. तिथून पुढे गेल्यावर कारण विचारले जाते, मग सवलत दाखवली जाते, मग 'अर्धवट राहिलेल्या पुस्तकांना निरोप देणार का?' असा प्रश्न येतो. शेवटच्या पडद्यावर 'तीन महिने पॉज करा' हे भडक रंगाचे मोठे बटण असते आणि 'वर्गणी रद्द करा' ही ओळ खाली फिकट राखाडी अक्षरांत. आईच्या चष्म्यातून ती ओळ दिसलीच नाही. मला दिसली आणि मी तीच दाबली. त्यावर 'आपली विनंती स्वीकारली आहे. यापुढे शुल्क आकारले जाणार नाही' असा संदेश आला. त्या संदेशाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह सोबत जोडला आहे. लगेच ॲपही काढून टाकले. नुसते ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही हे मला माहीत होते, म्हणून आधी रद्द केले आणि मगच काढले.

असे असताना आपले कस्टमर केअर लिहिते की खाते 'पॉज' होते, तीन महिने संपल्यावर ते आपोआप सुरू झाले, आणि मधल्या काळात मासिक योजना बंद झाल्याने ग्राहकाला 'अधिक फायद्याच्या' वार्षिक योजनेत घेण्यात आले. माझ्या स्क्रीनशॉटवर जे लिहिले आहे ते आणि आपल्या नोंदीत जे आहे ते, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. आणि क्षणभर धरून चालू की खाते पॉजच होते. तरीही महिन्याचे पैसे देणाऱ्या ग्राहकाला न विचारता वर्षाच्या योजनेत टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पेपरवाल्याला पेपर बंद सांगितला तर तोसुद्धा पुढच्या वर्षाचे बिल हातात ठेवत नाही.

आता आपल्या मुख्य बचावाबद्दल. प्रत्येक उत्तरात एक वाक्य ठरलेले आहे : 'रक्कम वळती होण्याच्या 24 तास आधी ग्राहकाला सूचना दिली होती.' सूचना आली होती, हे खरे आहे. पण ती कशी आली ते पाहा. ती आपल्याकडून आलेली नव्हती, बँकेकडून एसएमएसने आली होती. तिच्यात ॲपचे नाव कुठेही नव्हते. आपल्या मूळ कंपनीचे नाव होते, जे ॲपच्या कोणत्याही पडद्यावर ठळकपणे दिसत नाही आणि आईने आयुष्यात कधी ऐकलेले नाही. एका अनोळखी कंपनीकडून उद्या एवढे पैसे जाणार, असा तो मजकूर होता. आईसारख्या माणसांना आज बँकेपासून पोलिसांपर्यंत सगळे एकच सांगतात : अनोळखी मेसेजला हात लावू नका, लिंक उघडू नका, पैशांची भीती घालणाऱ्या कुणालाही उत्तर देऊ नका. आईने ते तंतोतंत पाळले. मेसेज फसवणुकीचा आहे असे समजून तिने त्याला हात लावला नाही आणि दुसऱ्या दिवशी पैसे गेले. सावधपणे वागणाऱ्या माणसाला ज्या सूचनेचा अर्थच लागू नये अशी तिची रचना आहे, त्या सूचनेकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. रद्द करण्याच्या पडद्यावर ॲपचे नाव, चिन्ह, पुस्तकांची मुखपृष्ठे सगळे असते. पैसे घेतानाच्या मेसेजमध्ये मात्र ॲपच्या नावाचा पत्ता नसतो. कंपनीने मनावर घेतले तर ग्राहक ओळखेल असे नाव तिथे देता येते.

पैसे गेल्यावर मी आईच्या यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा विभाग उघडला. तिथे आपल्या कंपनीचे मँडेट 'ॲक्टिव्ह' होते. म्हणजे आमची विनंती 'स्वीकारली' असे सांगूनही आपण खात्यातून पैसे ओढण्याची परवानगी स्वतःकडे तशीच ठेवली होती. त्याहून धक्कादायक गोष्ट पुढे आहे. मँडेटवरची कमाल रक्कम मासिक शुल्काच्या कितीतरी पट होती, आणि मुदत कित्येक वर्षांनंतरची. ही कमाल रक्कम आम्ही भरलेली नाही. नोंदणीच्या वेळी ती आपल्या सिस्टीमकडून आधीच भरून आली होती. आईने जो पिन टाकला तो पडद्यावर ठळक दिसणारे महिन्याचे शुल्क पाहून टाकला. त्या एका पिनवर आपण वर्षाची रक्कम काढून घेतली.

रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या चौकटीत बदलत्या रकमेच्या मँडेटसाठी कमाल मर्यादा ग्राहकाने स्पष्टपणे सांगायची असते. नोंदणीनंतर 15,000 रुपयांपर्यंतच्या आवर्ती रकमेला दरवेळी वेगळी खातरजमा लागत नाही. ही मर्यादा आधी 5,000 होती, ती जून 2022 मध्ये वाढवण्यात आली. विजेचे बिल, विमा, वर्गणी भरताना लोकांना दरवेळी पिन टाकत बसावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. दरवेळी पिन मागितला जात नाही म्हणूनच मँडेटवरची कमाल रक्कम ग्राहकाने समजून-उमजून ठरवायला हवी. महिन्याच्या वर्गणीसाठी महिन्याच्या रकमेएवढे मँडेट घेतले असते तर आपली ही वार्षिक वसुली बँकेच्या पातळीवरच अडली असती. आपण मोठी मर्यादा का भरून ठेवता, याचे मला समाधानकारक उत्तर हवे आहे. मला तरी एकच कारण दिसते : पुढे कधी जास्त पैसे घ्यावेसे वाटले तर ग्राहकाला पुन्हा विचारावे लागू नये.

मँडेट मी यूपीआय ॲपमधून लगेच रद्द केले. बँकेकडेही तक्रार नोंदवली. मँडेट वैध असल्याने कंपनीशीच बोला, असे तिचे उत्तर आहे. बँक आपल्याकडे बोट दाखवते आणि आपण बँकेच्या सूचनेकडे.

परतावा नाकारताना आपण लिहिले आहे : 'धोरणानुसार वार्षिक योजनेचा परतावा मिळत नाही.' हे धोरण वार्षिक योजना विकत घेणाऱ्याला लागू करा. आईने ती घेतलेली नाही. तिच्या फोनवर ॲप नाही, त्या दिवसानंतर तिने एकही पुस्तक ऐकलेले नाही, आणि हे आपल्या सर्व्हरवरच्या नोंदींतून आपल्याला क्षणात कळू शकते. त्या नोंदी पाहाव्यात, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला भुलवणारी किंवा अडकवणारी ॲप-संकेतस्थळांची रचना, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यात 13 प्रकार नमूद आहेत आणि 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा त्यातला एक. रद्द करण्याचा पर्याय दडवणे, ती प्रक्रिया लांबलचक आणि किचकट करणे, रद्द करण्याच्या सूचना संदिग्ध ठेवणे, हे सगळे त्यात येते. ग्राहकाला अपराधी वाटायला लावून निर्णय बदलायला भाग पाडणे हा वेगळा प्रकारही त्याच यादीत आहे. 'पुस्तकांना निरोप देणार का?' हा आपला प्रश्न मला नेमका त्यात बसणारा वाटतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार खरेदीसाठी ग्राहकाची संमती स्पष्ट आणि त्याने स्वतः कृती करून दिलेली असावी लागते. आधीच टिक केलेल्या चौकटीसुद्धा त्यात चालत नाहीत, मग संपूर्ण योजनाच परस्पर बदलणे कसे चालेल?

रद्द करणे सोपे ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असेही एका चॅटमध्ये मला सांगण्यात आले. आपले ॲप जर्मनीतही चालते, हे आपल्याच संकेतस्थळावर लिहिलेले आहे. जर्मनीत ऑनलाइन घेतलेले असे करार मोडण्यासाठी संकेतस्थळावर सहज दिसणारे, सतत उपलब्ध असलेले बटण ठेवणे 1 जुलै 2022 पासून कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या ग्राहकासाठी जे बटण द्यावे लागते ते इथे देणे अवघड कसे? तेच पैसे, तोच विश्वास टाकणाऱ्या इथल्या ग्राहकाला आपण कमी लेखता, असेच मला यातून वाटते, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

या प्रकारातून आईचे जे नुकसान झाले ते रकमेत मोजता येणारे नाही. पैसे गेल्याचे कळल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "माझ्याच हातून काही दाबलं गेलं का गं?" तिच्या हातून काहीच झालेले नव्हते, हे मी परोपरीने सांगितले. तरी तिने यूपीआय वापरणे बंद केले आहे. घरबसल्या स्वतःची बिले स्वतः भरण्याचा तिला अभिमान होता. आता त्यासाठी ती माझी वाट पाहते. म्हणून माझी अशी मागणी आहे की आपल्या कंपनीने आईच्या नावाने मराठीत लेखी कळवावे की या वसुलीत तिची कोणतीही चूक नव्हती.

याखेरीज वळती केलेली संपूर्ण रक्कम त्याच खात्यात परत यावी. क्रेडिट, कूपन किंवा 'पुढच्या वर्षी मोफत' असले काही आम्हाला नको. आईचे खाते आणि तिच्या पैशांच्या व्यवहाराचे जपून ठेवलेले तपशील आपल्या यंत्रणेतून काढून टाकावेत आणि तसे कळवावे. मी रद्द केलेली वर्गणी 'पॉज' म्हणून कशी नोंदवली गेली, याची आतल्या नोंदींसह माहिती द्यावी. ज्या इतर ग्राहकांना मासिक योजनेतून असेच परस्पर वार्षिक योजनेत टाकले आहे, त्यांनाही आपण होऊन पैसे परत करावेत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी पत्र लिहायला कुणी नसेल.

ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे ही आपली जबाबदारी आहे. त्या मुदतीत रक्कम जमा झाली नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील करणेही सक्तीचे नाही. रक्कम किती लहान किंवा मोठी आहे हे पाहून मी मागे हटणार नाही.

आपले उत्तर याच ईमेलवर पाठवावे. ते चॅटबॉटचे नसावे, पत्र वाचलेल्या अधिकाऱ्याचे, त्याच्या नावानिशी असावे.

आपली,
एका वर्गणीदाराची मुलगी

सोबत : वर्गणी रद्द केल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, बँकेच्या एसएमएसची प्रत, रक्कम वळती झाल्याची नोंद असलेले खात्याचे स्टेटमेंट, मँडेटच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट, कस्टमर केअरशी झालेला पत्रव्यवहार.