‘लिहून कुठे दिलंय?’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकमध्ये सध्या सेंट्रिंगवाले आणि गवंडी मिळेनासे झाले आहेत. मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली आमच्यासारखे लेबर कॉन्ट्रॅक्टर असतात. ‘फुटाला इतके, सोमवारपासून या’ एवढाच आमच्यातल्या बऱ्याच जणांचा करार, तोही तोंडी. म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी गंगापूर रोडच्या बाजूला एका बंगल्याचे लेबर काम घेतले होते. स्लॅब पडल्यावर मालकांना कोणीतरी वास्तुशास्त्र सांगितले आणि जिना दुसऱ्या कोपऱ्यात हवा झाला. ‘भाऊ, तोडा तो, हिशेब नंतर करू.’ तोडला, नवा बांधला, पाण्याची टाकीही दोन फूट खोल नेली. मोजमाप माझ्या खिशातल्या डायरीत, सही कोणाचीच नाही. शेवटच्या बिलात जादा कामाचे १ लाख ८० हजार धरले, तेव्हा उत्तर आले, ‘लिहून कुठे दिलंय?’ मग दिवाळीनंतर बघू, वास्तुशांतीनंतर बघू.

अशा तीन दिवाळ्या घालवून वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा काम संपल्याची तारीख विचारली. तोंडी सांगितलेल्या कामाचेही पैसे मागता येतात; फुकट म्हणून न केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा, असे करार कायद्याचे कलम ७० सांगते. पण दावा तीन वर्षांत लावावा लागतो. माझी मुदत संपून चार महिने उलटले होते. मुदतीच्या आत मालकांच्या सहीची ‘इतके देणे बाकी’ अशी चिठ्ठी घेतली असती, तर तीन वर्षे तिथून पुन्हा मोजली गेली असती.

महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण, फ्लॅट घेणाऱ्यासाठी. ताब्यानंतर पाच वर्षे बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. म्हणून तो आमच्या बिलातून रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून काही रक्कम, कापून ठेवतो. ते परत कधी मिळणार, हे कागदावर नसते. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे बांधकामासारख्या कामाच्या ठेक्याला, तो लागू नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. उरते दिवाणी न्यायालय, आणि तिथल्या तारखा बिगाऱ्यांच्या शनिवारच्या पगाराला थांबत नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आणि शहरातल्या ठेकेदार संघटनांनी मिळून मराठीत एक पानी करारनामा तयार करावा. दर, जादा कामाचा दर, मोजमापावर दोघांच्या सह्या, रिटेन्शन परतीची तारीख, एवढे पुरे. सिंहस्थाची कामे देणाऱ्या खात्यांनीही मुख्य ठेकेदाराचे बिल काढण्याआधी पोटठेकेदारांचे लेखी करार मागावेत.

मी आता कार्बनचे बिलबुक खिशात ठेवतो. जादा काम सांगितले की तिथेच लिहून पुढे करतो. दोन मालक रागावले, एकाने काम काढून घेतले.

आपला,
एक लेबर कॉन्ट्रॅक्टर,
पाथर्डी फाटा, नाशिक