हरकती मागवण्याआधी विचारा

महोदय,

किनाऱ्यावरील प्रकल्पांच्या जनसुनावण्यांत एक गोष्ट कायम खटकते. तज्ज्ञांचा अहवाल बांधून तयार असतो, नकाशावर रेघा ओढून झालेल्या असतात आणि मग मच्छीमारांना विचारले जाते, ‘काही हरकत?’ काय मोजायचे, कुठे आणि कोणत्या महिन्यात मोजायचे, हे तोवर ठरून गेलेले असते. खरा घोळ तिथेच होतो.

अलास्कातील बोहेड देवमाशांचे प्रकरण पाहा. देवमासे दोन हजारांच्या आतच उरलेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता आणि त्यावरून १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग (देवमाशांची शिकार) आयोगाने स्थानिक इनुपियाट लोकांच्या शिकारीवर बंदी घातली. मोजणी व्हायची ती बर्फाच्या कडेवर उभे राहून, डोळ्यांना दिसतील तेवढ्यांची. इनुपियाट शिकारी सांगत होते की देवमासे बर्फाखालूनही जातात, श्वास घ्यायला पातळ बर्फ डोक्याने फोडतात. पुढे पाण्यात ध्वनिग्राहक सोडले गेले, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे निघाले आणि संख्येचा अंदाज काही पटींनी वर गेला. शास्त्रज्ञांचे गणित चुकले नव्हते, बर्फाखाली काय चालते हे त्यांनी विचारलेच नव्हते.

कॅनडातील न्यूफाउंडलंडमध्ये उलटे झाले. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार १९८० च्या दशकात ओरडत होते की कॉड मासा कमी होतोय, हाती लागतो तोही लहान. पण खोल समुद्रातल्या ट्रॉलरना भरपूर मासळी मिळत होती आणि सरकारी अंदाजात त्या आकड्यांना वजन होते. उरलेला मासा एका जागी गोळा होत होता आणि आधुनिक यंत्रे त्याला नेमका हुडकत होती, म्हणून जाळी भरलेली दिसायची. जुलै १९९२ मध्ये कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांच्या आसपास लोकांचा रोजगार गेला.

म्हणून मच्छीमार म्हणेल ते प्रमाण, असे मी म्हणत नाही. ट्रॉलरमालकही मच्छीमारच, आणि हॉटेलवालाही स्थानिकच! चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायकांचे म्हणणे तर दोघांच्या गलबल्यात कुणाच्या कानीही पडत नाही. स्थानिकांचा प्रत्येक दावा तपासावा, तज्ज्ञांचाही तितक्याच कडकपणे तपासावा.

मागणी साधी आहे. पाहणीचा आराखडा ठरवण्याआधी पहिली बैठक किनाऱ्यावर घ्यावी, तीही ओहोटीच्या वेळी, बोटी परत आल्यावर. कोणती सूचना का नाकारली, याचे कारण अहवालात नोंदवावे. ‘सूचनांची नोंद घेतली’ हे वाक्य तेवढे कृपया वगळावे.

— एक वाचक