मावशी, दोन्ही पायांची मापं पाठवा

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच "जेवलास का" वर येता. म्हणून हे लिहून काढतोय, आणि तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही. डोळ्यांचं ऑपरेशन ताजं आहे, तेव्हा स्वतः वाचत बसू नका. नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा. मधेच हसू लागला तर हसू द्या, माझी फजिती त्यात भरपूर आहे.

तुम्ही मला पहिल्यांदा बोलावलंत तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. बी.कॉम. झालेलं, हातात काम नाही आणि डोक्यात फक्त पाचारण, म्हणजे प्रभूच्या सेवेसाठी येणारं बोलावणं. मिरजेत वाढलेलं पोर मी. वान्लेस डॉक्टरांनी 1894 मध्ये जिथं मिशनचं इस्पितळ उघडलं ते आपलं गाव. आमच्या नात्यात कुणी नर्स, कुणी कंपाउंडर, कुणी चर्चचा पाळक. मला पाळक व्हायचं होतं, आणि खरं सांगायचं तर साधा पाळकही नको होतं. मंडपात पाच हजार माणसं, हातात माइक, मागं कीबोर्ड वाजतोय, असं काहीतरी. तरुण संघाच्या प्रार्थनेत मी दर शनिवारी डोळे घट्ट मिटून एकच मागायचो: प्रभो, माझ्यासाठी तुझी योजना काय आहे ते दाखव. माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर बायबलातल्या यिर्मया 29:11 चा स्टिकर होता: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव सांगतो ते वचन. तुमच्या घरासमोर गाडी लावली तेव्हा तुम्ही तो वाचलात आणि म्हणालात, "अकरावं वचन सगळ्यांनाच पाठ असतं. पाचवं वाचलंस का?"

वाचलं नव्हतं. घरी जाऊन वाचलं. बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र ते. घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच नगराचं हित चिंता. सुटका सत्तर वर्षांनी. माझ्या स्टिकरवर सत्तर वर्षांचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "बुधवारी रिकामाच असतोस ना? घमेली उचलायला ये."

गावाबाहेरच्या त्या वस्तीत मी लहानपणी नाताळाची गाणी गायला गेलो होतो. गाऊन, करंज्या वाटून, घाईघाईनं परत. तुम्ही तिथं दर बुधवारी जात होतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही. चार घमेली, वजरी, खोबरेलाची बाटली आणि जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या. तिथल्या माणसांचा कुष्ठरोग केव्हाच बरा झालेला होता. 1982 नंतर गोळ्यांचा जो एकत्रित उपचार आला त्यानं सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात जंतू मरतात. पण मेलेल्या नसा परत येत नाहीत, हे मला तुमच्याकडून कळलं. बोटं रोगानं झडतात असंच मला तोवर वाटायचं. तुम्ही वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँडांचं सांगितलंत: दुखत नाही म्हणून माणूस तापलेली कढई उचलतो, चप्पलेतल्या खड्यावर दिवसभर चालतो, झोपेत उंदीर कुरतडतो तरी जागा होत नाही, आणि बोटं जातात ती अशी.

मग पद्धत शिकवलीत. पाणी साधं, गरम नाही. पाय वीस मिनिटं भिजवायचे. घट्टा वजरीनं हळूहळू घासायचा, ब्लेड लावायचं नाही. पाय ओला असतानाच तेल चोळायचं, कारण मेलेली नस घामही येऊ देत नाही, कातडी सुकते आणि भेगा पडतात. शेवटी तळवा उजेडाकडे करून नीट बघायचं. "त्यांना कळत नाही, म्हणून आपण बघायचं," एवढंच म्हणालात. प्रवचन नाही, प्रार्थना नाही. मला जरा निराशाच झाली.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून दरवर्षी पवित्र गुरुवारी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. मीही त्या बारांत दोनदा बसलोय. बाराच्या बारा जण घरून साबणानं पाय धुऊन येतात, आणि मी तर नवे मोजे घालून गेलो होतो. तुमच्या घमेल्यातलं पाणी मात्र पहिल्या पाच मिनिटांत काळं व्हायचं.

आता ती डिसेंबरची गोष्ट. तुम्ही ती कुणाला सांगितली नाहीत, म्हणून मीच सांगतो. थंडी होती. मला वाटलं, वस्तीतल्या एका आजोबांना जरा ऊब मिळावी. स्टोव्हवर पाणी तापवून घमेल्यात ओतलं, वर थोडं गार घातलं, आणि कोपर बुडवून बघायचं विसरलो. आजोबा पाय बुडवून वीस मिनिटं साखर कारखान्याच्या गप्पा मारत बसले. हसत होते. मला वाटलं, सुखावलेत. दुसऱ्या दिवशी दोन्ही पावलांवर लिंबाएवढे फोड. त्यांनी तक्रार केली नाही, कारण त्यांना कळलंच नव्हतं.

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. मी रडून, माफी मागून मोकळा झालो असतो. तुम्ही म्हणालात, "उद्या सकाळी सातला ये. ड्रेसिंग तू करायचंस." त्याच आठवड्यात मेळावा होता आणि कीबोर्डवर मी होतो. तेही मी सांगून पाहिलं. तुम्ही चिंध्या घडी घालत राहिलात.

नऊ आठवडे मी रोज गेलो. आपल्या चर्चच्या मंडळीत साक्ष देताना लोक म्हणतात की प्रभूनं माझ्या अंतःकरणात प्रीती ओतली. माझ्या बाबतीत तरी तसं झालं नाही. पहिला आठवडा मी निव्वळ लाजेपोटी गेलो. दुसरा तुमच्या धाकानं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दोन वाजता जाग आली, आणि मी आजोबांच्या डाव्या टाचेचा विचार करत पडलो होतो: पट्टी सैल बसली होती का, रात्री उठून ते अनवाणी बाहेर गेले असतील का. सकाळ व्हायची वाट बघत होतो. पायडल मारताना लक्षात आलं (पेट्रोल परवडत नव्हतं, सायकलनंच जायचो) की प्रभूची माझ्यासाठी योजना काय, हा प्रश्न मी तीन आठवड्यांत एकदाही विचारला नव्हता. विसरूनच गेलो होतो. तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगतोय.

आजोबा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात विठ्ठल. मंडळीतल्या एकांनी तुम्हाला सरळ विचारलं होतं, एवढी वर्षं जाताय, किती जणांचा बाप्तिस्मा झाला? तुम्ही म्हणालात, "चारशे तरी घट्टे काढले असतील." ते गृहस्थ पुन्हा विचारायला आले नाहीत. मला तेव्हा ते उत्तर उद्धट वाटलं होतं. मग आजोबांनी मला विचारलं की फोड बरे झाल्यावर पंढरपूरला एसटीनं जाता येईल का, आणि मी पटकन "जाऊ की, मी येतो सोबत" म्हणून गेलो, तेव्हा तुमचं उत्तर जरा कळलं.

पाय भरले, आणि महिन्याभरात उजव्या तळव्याला नवं भोक. बाजारातून घेतलेल्या चप्पलेतून खिळा वर आला होता आणि आजोबा त्यावर दिवसभर हिंडले होते. तो खिळा मी पकडीनं उपसला. माझ्या करंगळीच्या नखाएवढा. तेव्हा तुम्ही मला अशा पायांसाठी चपला बनवणाऱ्या विभागातल्या म्हाताऱ्या कारागिरांसमोर नेऊन बसवलंत आणि म्हणालात, "याचा हात स्थिर आहे. कीबोर्ड वाजवतो."

घरी काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. आत्या तीन दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच की, "पणजोबांनी गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, म्हणून आपण शिकलो. आणि तू कातडं घेऊन बसणार?" तिचा राग मला आजही चुकीचा वाटत नाही. ज्यांच्या पिढ्यांवर ते काम लादलं गेलं त्यांना ते पवित्र वगैरे आहे असं सांगायला जाऊ नये. तुम्हीही नाही सांगितलंत. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि आत्याला विचारलंत, "बायबलात पेत्र यापोला गेला तेव्हा कुणाकडे उतरला होता?" आत्या शब्बाथशाळेची शिक्षिका, तोंडातून निघून गेलं, "शिमोन चांभाराकडे." मग दोघी हसलात. विल्यम कॅरींचं मी नंतर वाचलं. 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा हा माणूस इंग्लंडात आधी जोडे शिवायचा. तेही आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तो गोरा होता. त्याला कुणी त्यावरून हिणवलं तरी त्याची पोरं शाळेत बसली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. पण कातडं कापायची पहिली रापी मला तिनंच घेऊन दिली.

आता माझ्या चपलांच्या दुकानाला अकरा वर्षं झाली. आत बारीक छिद्रांचं मऊ एमसीआर रबर, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाबलं की अर्ध्यावर येतं तेवढंच घ्यायचं. खाली टणक सोल. खिळा एकही नाही, सगळं सोल्युशन आणि शिलाई. मागं पट्टा हवाच, नाहीतर बधिर पायातून चप्पल निसटते आणि माणसाला पत्ता लागत नाही. बक्कल नाही, रुंद वेल्क्रो, म्हणजे बोटं नसलेल्या हातालाही लावता येतो. हल्ली कुष्ठरोगाच्या रुग्णांपेक्षा शुगरवालेच जास्त येतात. गिऱ्हाइकाचा पाय मी आधी हातात घेतो, तळवा उजेडाकडे करतो आणि बघतो. काही जण संकोचतात. एक निवृत्त मास्तर मागच्या महिन्यात म्हणाले, "बायको गेल्यापासून माझा पाय कुणी हातात धरला नव्हता."

तरुण संघातली मुलं कधीमधी विचारतात, दादा, तुम्हाला पाचारण कधी झालं? मी म्हणतो, बुधवारी.

मावशी, तुमच्या लेकीचा परवा फोन आला होता. तुमची शुगर वाढलीय, आणि परवा पायाला ठेच लागून रक्त आलं ते तुम्हाला फरशीवरचे डाग बघून कळलं, असं ती म्हणाली. तुम्ही मला हे सांगितलं नाहीत. मी रागावलोय, पण ते भेटल्यावर.

तोवर एवढं करा. वर्तमानपत्र नको, जाड पुठ्ठा घ्या. संध्याकाळी घ्या, सकाळी नको. दिवसभरात पाय सुजतो आणि माप सुजलेल्या पायाचंच लागतं. बसून नाही, उभं राहून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. नातवाला पेन्सिल उभी धरायला सांगा, आत झुकली तर माप लहान येतं. दोन्ही पायांची वेगवेगळी काढा, एकावरून दुसरं काढू नका. ठेच लागलेल्या जागी फुली करा. पुठ्ठा घेऊन मी रविवारी उपासनेनंतर येतो, घमेलंही आणतो. पाणी मी कोपरानं बघेन.

तुमचा,
घमेली उचलणारा