काका, तुम्ही माझा सा मागितलात

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

परवा गुरुवारी भजन संपल्यावर तुमच्याशी धड बोलता आलं नाही, गळा दाटून आला होता. म्हणून हे पत्र.

तबला लावायला घेताना सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "ताई, तुमचा सा द्या." म्हणजे माझ्या गळ्याला सोयीचा मूळ सूर. आणि पिशवीतून लहान तोंडाचा, काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुराचा तबला काढून चुंबळीवर ठेवलात. आदल्या गुरुवारी मी खालच्या पट्टीत घुसमटत होते, ते तुमच्या कानांनी टिपलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी घरून वेगळा तबला उचलून आणलात.

पूर्वी मी जिथे भजनाला बसायचे तिथे पट्टी ठरलेली, काळी एक. गाणारे बुवा पुरुष, त्यांना ती सोयीची. बाईने त्या पट्टीत खाली गायलं तर शब्द टाळांत बुडतात, वर गायलं तर आवाज फाटतो. तिथल्या वादकांना हे कळत नव्हतं असं नाही. पण पुन्हा तबला कोण लावणार, पेटीवरची बोटं कोण बदलणार! शेवटच्या भैरवीआधी वेळ उरलाच तर "ताई, एखादी गौळण म्हणा", तीही त्यांच्याच पट्टीत. वर ऐकवायचे, बायकांच्या आवाजात जोर नसतो. मला याचा अजून राग येतो. केवढ्या गोड गळ्याच्या बायका तिथे नुसत्या टाळ धरून बसल्या!

परवा मी गात असताना तुम्ही आठ मात्रांचा साधा भजनी ठेका धरलात, हात अगदी आवरून. ध्रुवपद सगळ्यांनी उचललं तेव्हा कुठे लग्गी लावलीत, म्हणजे जलद बोल मोकळ्या हाताने वाजवलेत, आणि मी पुढचा चरण घेताच पुन्हा ठेक्यावर आलात. तुमचा हात किती तयार आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तो दाखवायची तुम्हाला घाई नव्हती. तुमच्याकडे बघून टाळकऱ्यांनीही हात हलका केला. पेटीवाल्या दादांनी तर मी श्वास घेईपर्यंत सूर धरून ठेवला. दुसऱ्याचं ऐकून वाजवणारी माणसं भेटली की गाणाऱ्याला काय बळ येतं, ते मला या वयात कळलं.

पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर शेजारच्या वहिनी येणार आहेत. फार गोड गातात, पण चारचौघांत तोंड उघडत नाहीत. त्यांना पांढरी पाच लागते. तुमचा तो तबला अर्धा सूर उतरेल ना?

तुमची,
भजनातली ताई