डबा परत येतो म्हणून

॥ श्री ॥

पाचोरा,
श्रावण वद्य सप्तमी

चि. प्रशांत यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री वैशालीचा फोन आला होता. तुला कचेरीत बसल्या जागी घेरी आली, सहकाऱ्यांनी धरून बसवले, आणि घरी आल्यावर तू त्याबद्दल एक अक्षरही काढले नाहीस, हे तिला तुझ्या मित्राकडून कळले. मात्र तिने पुढे बोलता बोलता जे सांगितले, त्याने मला जास्त अस्वस्थ केले. तुझा दुपारचा डबा गेले कित्येक दिवस जसाच्या तसा परत येतो. आज सकाळी मी तुला फोनवर विचारले तेव्हा तू म्हणालास, "अण्णा, भूकच लागत नाही, आणि दीड महिना काटाही हलत नाही, मग जेवू कशाला?" मी काही बोललो नाही. बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि शेजारी तुझी आई उभी होती. म्हणून हे पत्र.

तुला भूक लागत नाही यात नवल काहीच नाही. वजन उतरवण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर जठराचा जो भाग अन्नासाठी उरला आहे, तो सुरुवातीला जेमतेम ३० मिलिलिटरचा होता, आता थोडा सैलावला असेल. शिवाय आतड्यातून मेंदूला जाणारे भुकेचे आणि तृप्तीचे निरोपही या शस्त्रक्रियेने बदलतात. आहारतज्ज्ञ बाईंनी शस्त्रक्रियेच्या आधी आपल्या तिघांना समोर बसवून हेच समजावले होते, आणि भुकेची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून जेवायचे, असे त्यांनी तुझ्याकडून कबूल करून घेतले होते. ती वही माझ्याजवळ अजून आहे. त्या दिवशी तू मान डोलावलीस तेव्हा मला बरे वाटले होते, कारण ज्या मुलाला उभ्या जन्मात 'कमी खा' याशिवाय कोणी काही सांगितले नाही, त्याला आता 'वेळेवर खा' हे पाळायचे होते, आणि ते सोपे नाही याची मला कल्पना होती.

काट्याविषयीही लिहितो. पहिल्या महिन्यांत वजन झपाट्याने उतरते आणि मग काही आठवडे एकाच आकड्यावर थांबते, असे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत घडते. वजन उतरण्याचा एकूण काळ साधारण १२ ते १८ महिन्यांचा असतो, आणि तुझी शस्त्रक्रिया तर गेल्या दिवाळीनंतरची आहे. १३८ वरून १०१ वर आलेला माणूस थांबलेला नसतो, त्याचे शरीर नव्या वजनाशी जुळवून घेत असते. अशा वेळी जेवण तोडले तर काटा कदाचित हलेलही, पण त्यात चरबीबरोबर स्नायूही जातील, आणि स्नायू गेले की शरीर आणखी कमी अन्नावर भागवू लागते. मग पुढे थोडेसे खाल्ले तरी वजन चढते. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले, म्हणून एवढे तरी ठामपणे सांगू शकतो की उपाशी राहून तू या शस्त्रक्रियेला मदत करत नाहीस, तिच्या विरुद्ध जातोस.

जेवणाविषयी आता आणखी लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे.

मागे तू इथे यायचास तेव्हा बाहेरच्या खोलीत झोपायचास आणि तुझे घोरणे माजघरापर्यंत ऐकू यायचे. घोरण्याने माझी झोप कधी मोडली नाही. ते थांबायचे तेव्हा मी जागा व्हायचो. श्वास अडकायचा, सगळे घर एकदम शांत व्हायचे, आणि मग मोठा हुंदका घेतल्यासारखा आवाज करून तू पुन्हा श्वास घ्यायचास. मधल्या वेळात मी अंथरुणात उठून बसलेलो असायचो. झोपेत श्वास थांबण्याचा तो आजार आहे हे पुढे डॉक्टरांकडून कळले, ते मास्कचे यंत्र आले, पण तोवर अशा किती रात्री गेल्या ते तुझ्या आईला विचार. यंदा कानबाईच्या सणाच्या वेळी तू त्याच खोलीत झोपला होतास, यंत्र पुण्यालाच ठेवून आला होतास, कारण तपासणीनंतर डॉक्टरांनीच ते बंद केले. मी सवयीने जागा झालो. तू कुशीवर निजला होतास आणि श्वास एकसारखा चालू होता. मी बराच वेळ दारात उभा होतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा तुझा आकडा ९.२ वरून ५.९ वर आला, इन्सुलिन सुटले. आपल्या घराण्यात हे अजून कोणालाही जमलेले नाही. आजोबांच्या पायाचे तुला ठाऊक आहेच, आणि माझी सुई रोज सकाळी आई काढून ठेवतेच. शस्त्रक्रियेचा निर्णय तू स्वतः घेतलास, कर्ज काढलेस, भाऊबंदकीत 'पोट कापून घेतले' असे लोक बोलले ते ऐकून घेतलेस. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि हे तोंडावर सांगण्याची आपल्या घरात पद्धत नाही म्हणून इथे लिहिले.

त्याच कानबाईच्या पंगतीत मी तुझ्याकडे पाहत होतो. जिजीने आग्रह करून रोट वाढला, गंगाफळाची भाजी वाढली, खीर वाढली. तू घास तोडत होतास, हात तोंडापर्यंत नेत होतास आणि रोटाचे तुकडे पत्रावळीच्या कडेखाली सरकवत होतास. कानबाईचा रोट घरच्यांनीच संपवायचा, वाया घालवायचा नाही, म्हणून पंगत उठल्यावर आईने ते तुकडे उचलले आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ले. ती तुला काही बोलली नाही, मलाही बोलली नाही. रोट किंवा खीर तू खायला हवी होतीस असे माझे मुळीच म्हणणे नाही. आखाजीला पुरणपोळी खाल्ल्यावर तुला दरदरून घाम फुटला, छाती धडधडली आणि तासभर मागच्या खोलीत पडून राहावे लागले, ते मी विसरलेलो नाही. गोड पदार्थ जठरात न थांबता थेट लहान आतड्यात उतरतो आणि तिथे पाणी ओढून घेतो, म्हणून तसे होते. बायपास झालेल्या माणसाने पुरणपोळीपासून लांब राहावे हेच योग्य. मला भीती वाटते ती वेगळीच. त्या दिवशी तू पुरणपोळीला भ्यालास, आणि ती भीती हळूहळू ताटातल्या प्रत्येक पदार्थावर पसरली. आई तुझ्यासाठी वेगळे घट्ट मुगाचे वरण करून वाटीत झाकून ठेवत होती. तीही वाटी भरलेलीच राहिली.

पाहा, नको म्हणता म्हणता मी पुन्हा तिथेच आलो.

तू चौथीत असताना आपण कापूस घेऊन जिनिंगवर गेलो होतो. तिथल्या हमालाने गंमत म्हणून तुला मोठ्या काट्यावर उभे केले, आकडा मोठ्याने वाचला, आणि आसपासची माणसे हसली. मी तुला उतरवून घेतले आणि हिशेब न करताच निघालो. बैलगाडीत तू रडला नाहीस. घरी आल्यावर मात्र माय भाकरी वाढत असताना 'भूक नाही' म्हणालास. आज सकाळी फोनवर तेच दोन शब्द ऐकले तेव्हा मला प्रथम ती संध्याकाळ आठवली, आहारतज्ज्ञ बाईंचे स्पष्टीकरण नंतर आठवले. तू रोज सकाळी काट्यावर उभा राहतोस असे वैशाली म्हणते. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी उभा राहत जा. जिन्याचे किती मजले न थांबता चढलास, पट्ट्याला कितवे भोक पाडावे लागले, चिमीच्या मागे बागेत किती पळालास, यावरही तुझी प्रगती कळते, आणि मनाला उभारी द्यायला तेच उपयोगी पडते.

आता खाण्याचे काही नेमके लिहितो, कारण नुसते 'जेव' म्हणणे हा सल्ला होत नाही. तुला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, घट्ट वरणाच्या एका वाटीत ६-७, आणि तुझ्या त्या पावडरच्या एका मापात २० च्या वर. म्हणजे तीन छोटी जेवणे आणि मध्ये दोनदा काही, असे केले तर हिशेब जमतो. दुपारचा डबा परत आला तर जमतच नाही. घास लहान घे, खूप चाव, आणि ताटातले प्रथिनांचे आधी खा, भाकरी-पोळी शेवटी, जागा उरली तर. जेवताना पाणी पिऊ नकोस, जेवणानंतर अर्धा तास थांब. मात्र एरवी दिवसभर घोट घोट पाणी पोटात गेलेच पाहिजे. घेरीचे एक कारण पाणी कमी पडणे हेही असू शकते. दुसरे, तुझ्या रक्तदाबाच्या गोळीची मात्रा जुन्या वजनाला धरून दिलेली आहे, ती अजून तशीच चालू असेल तर डॉक्टरांना लगेच दाखव. शेवभाजीचा तिखट तर्रीदार रस्सा आणि तळलेली शेव सध्या नको, पण भरीत कमी तेलात केले तर थोडे चालेल, त्याबरोबर दही घे. भरतात फारशी प्रथिने नाहीत, हे मात्र ध्यानात ठेव. उडदाची डाळ तुला लहानपणापासून आवडते. ती घोटून, तिखट बेताचे टाकून करायला वैशालीला सांगितले आहे.

आणि तुझ्या आईचे सांगायचे राहिले. जिच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षे अंडे आले नाही, त्या बाईने परसात वेगळी शेगडी आणि वेगळे पातेले ठेवले आहे. तू आलास की ती स्वतः अंडी उकडते, सोलते आणि बशीत ठेवून पदराने झाकून तुझ्यासमोर आणते. माळ घातलेली आहे तिने, हे तुला सांगायला नको.

गोळ्यांविषयी एवढेच. लोह, कॅल्शियम आणि ड व ब-१२ ही जीवनसत्त्वे आता जन्मभराची आहेत, कारण अन्न ज्या भागातून जाताना लोह आणि कॅल्शियम सर्वांत जास्त शोषले जाते, तोच भाग तुझ्या बाबतीत वगळला गेला आहे, आणि ब-१२ शोषण्यासाठी जठराची जी मदत लागते तीही कमी झाली आहे. 'मला काही त्रास नाही' म्हणून गोळ्या सोडू नकोस. विहिरीला पौषात पाणी दिसते म्हणून ते वैशाखात राहीलच असे नाही. ब-१२ चा यकृतातला जुना साठा बराच काळ पुरतो, आणि तो संपून पायांना मुंग्या येऊ लागेपर्यंत काही कळत नाही, मग नसांचे झालेले नुकसान पूर्ण भरून येईलच असे नसते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नकोस, दोन तासांचे अंतर ठेव, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नकोस. केस गळतात म्हणून तू घाबरला होतास. वजन भराभर उतरताना ते गळतात आणि काही महिन्यांनी पुन्हा येतात, पण त्यालाही प्रथिने आणि लोह लागतेच. डोके दुखले तर दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेऊ नकोस, बायपासनंतर तिने जठराच्या जोडावर व्रण होण्याचा धोका असतो. कचेरीतल्या पार्ट्यांमध्ये मद्याला हात लावू नकोस, ते आता तुझ्या रक्तात फार लवकर चढेल.

तू पस्तिशीचा बाप माणूस आहेस आणि मी तुला शाळेतल्या पोरासारखे पाठ देत बसलो आहे. राग येऊ देऊ नकोस. समोरासमोर बसलो असतो तर यातले निम्मेही बोललो नसतो, आणि तू उठून गॅलरीत गेला असतास.

तरी एक विचारतो, त्याचे उत्तर मला खरे दे. जेवावेसे वाटत नाही, तसे इतर कशातही मन लागत नाही, असे होते का? शस्त्रक्रियेनंतर काही जणांचे मन खचते, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. शस्त्रक्रियेआधी तुझी त्यांच्याशी भेट झालीच होती. ते तुला ओळखतात. असे काही असेल तर माझ्यापाशी लपवू नकोस. भूक नाही हे मी समजू शकतो, पण तू एकट्याने काही सोसतो आहेस आणि डब्यावर झाकण लावून परत आणतो आहेस, हे मला समजून घेता येत नाही.

शनिवारी आम्ही दोघे महाराष्ट्र एक्सप्रेसने निघतो आहोत. आरक्षण झाले आहे, तेव्हा 'येऊ नका' असा फोन करू नकोस. रक्ततपासणी सोमवारी सकाळी उपाशीपोटी आहे असे वैशालीने सांगितले. नमुना दिल्या दिल्या खाण्यासाठी आई डब्यात अंडी आणि मुगाचे धिरडे घेईल. मी बाहेर बाकावर बसेन, तू तिथेच खा, मग डॉक्टरांकडे जाऊ. मागचे सगळे अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत काढून ठेव. चिमीला गोड पापा.

तुझे
अण्णा