मोफत की मुक्त, आणि आले कोणत्या वाटेने?

महोदय,

इंटरनेटवरून मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवावा का, ही चर्चा बहुतेक वेळा किमतीपाशीच अडकते. फुकटात मिळते म्हणजे काहीतरी खोट असणारच, असे काहीजण म्हणतात. एवढे लोक वापरतात मग भ्यायचे कशाला, असे बाकीचे. मला दोन्ही युक्तिवाद अपुरे वाटतात. प्रोग्रॅम कोणी बनवला, त्याचा खर्च कुठून भागतो आणि तो आपल्या संगणकापर्यंत कोणत्या वाटेने आला, याची चौकशी दोघेही करत नाहीत.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द मराठीत आहेत, पण आपण ते सर्रास एकाच अर्थाने वापरतो. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर किंवा लिबरऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच हे मुक्त आहेत, म्हणजे त्यांचा सोर्स कोड, अर्थात प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ सूचना, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. उलट, ज्याचा कोड बंद आहे असा मोफत प्रोग्रॅम चालवणारी कंपनी पैसे कुठेतरी मिळवतच असते. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात होती. बोभाटा झाल्यावर २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली. राखणदारच घरातल्या हालचालींची वही विकत होता, असा हा प्रकार.

कोड खुला आहे म्हणून तो कोणीतरी वाचतोच, असे मात्र समजू नये. संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रोग्रॅममधली ‘हार्टब्लीड’ ही चूक २०१४ मध्ये उघडकीस येईपर्यंत दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होती. २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली आक्रसून लहान करणाऱ्या मुक्त प्रोग्रॅममध्ये कोणीतरी मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला, तोही लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने चिकाटीने शोधले म्हणून. तरीही तो शोधता आला तो कोड आणि पॅकेज उघडून पाहता येत होते म्हणूनच, आणि माझ्या लेखी मुक्त सॉफ्टवेअरची खरी जमेची बाजू हीच आहे.

सामान्य माणूस फसतो तो बहुधा वाटेतच. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या मुक्त प्रोग्रॅम उतरवून घेण्याच्या प्रसिद्ध संकेतस्थळाने ‘गिंप’ या चित्रसंपादकाच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींचे शेपूट जोडले होते. मूळ प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचा त्यात काहीही हात नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत संकेतस्थळावरचा दुवाच हॅकरांनी बदलून दूषित फाइलकडे वळवला. फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, ताडून पाहावा, हा सल्ला योग्य असला तरी फाइल आणि चेकसम एकाच फोडलेल्या संकेतस्थळावरून घेतले तर त्या तपासणीला अर्थ उरत नाही. म्हणून निर्मात्याने आपल्या गुप्त किल्लीने फाइलवर केलेली डिजिटल स्वाक्षरी तपासणे अधिक बरे. पण २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणकातला कचरा साफ करणाऱ्या प्रोग्रॅमची जी दूषित आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली, तिच्यावर कंपनीचीच अस्सल स्वाक्षरी होती. पैसे मोजणारे तरी कुठे सुटले? २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच हेरगिरीचा प्रोग्रॅम सरकारी कार्यालयांपर्यंत गेला.

एवढे असूनही मी मुक्त सॉफ्टवेअरच वापरतो. ते निर्मात्याच्या संकेतस्थळावरून किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या भांडारातून घेतो आणि शोधयंत्रातल्या सर्वात वरच्या, ‘जाहिरात’ असे बारीक अक्षरात लिहिलेल्या दुव्याला हात लावत नाही.

वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक सदरांत उपयुक्त मोफत प्रोग्रॅमची नुसती नावे छापली जातात आणि वाचक ती शोधायला जाऊन भलत्याच पानावर पोहोचतो. आपण निदान प्रत्येक नावापुढे त्याच्या निर्मात्याच्या संकेतस्थळाचा अचूक पत्ता आणि तो प्रोग्रॅम मुक्त आहे की केवळ मोफत, एवढे दोन शब्द छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक