कुलूप मीच तोडलं, साहेब

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
(नाव घालत नाही. खुर्ची तीच राहते, पाटी बदलते.)

विषय : शाळेच्या जिन्याचं कुलूप तोडल्याबद्दल मागवलेला खुलासा.

स.न.वि.वि.

परवा मला एक नोटीस आली. पोळ्याच्या आदल्या रात्री गावातल्या शाळेच्या गच्चीवर जाणाऱ्या जिन्याचं कुलूप तोडून 'शासकीय मालमत्तेचे विनापरवाना नुकसान' केल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा नियमानुसार कार्यवाही. कुलपाची किंमत लावली आहे साडेआठशे रुपये. तेच कुलूप बाजारात एकशे ऐंशीला मिळतं, मी विचारून आले.

ज्यांनी खुलासा मागितला त्यांना तो देईनच. पण आपल्यालाही द्यावासा वाटला, कारण त्या गच्चीचा रस्ता आम्हाला आपल्याच पत्रकाने दाखवला होता. 'पुराच्या वेळी जवळच्या उंच व पक्क्या इमारतीवर आसरा घ्यावा.' आमच्या गावात उंच आणि पक्की अशी एकच इमारत आहे. बाकी निम्मं गाव अजून धाब्याच्या घरात राहतं. दोन दिवस झड लागली की वरची माती गळायला लागते आणि माणसं आत बादल्या मांडून बसतात.

मी गिरणा नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात पिठाची गिरणी चालवते. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर आमच्या तलाठ्याची बदली व्हायची आणि नवा येईपर्यंत सातबारा मिळायचा नाही. बचत गटाची अध्यक्ष म्हणून मे महिन्यात त्या एक दिवसाच्या आपत्ती प्रशिक्षणाला मी होते. पडद्यावर जपानचा भूकंप दाखवला, चहा-बिस्किटं दिली, प्रमाणपत्र दिलं. शेवटी आपण बोललात. जून उलटायच्या आत नदीवर भोंगा बसेल, पाणी चढलं की भोंगा वाजेल आणि गाव जागं होईल. टाळ्या मीच सुरू केल्या होत्या. जूनमध्ये खांब उभा राहिला खरा. जुलैमध्ये त्या खांबावर आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. भोंगा अजून यायचा आहे.

घराची तयारी कशी करायची ते पत्रकात लिहिलं होतं. माणशी रोज तीन लिटर, असं तीन दिवसांचं पाणी भरून ठेवा. आम्ही पाच माणसं, म्हणजे पंचेचाळीस लिटर. साहेब, खानदेशातल्या बाईला पाणी साठवायला शिकवता? उन्हाळ्यात आमचा नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो. घरात दोन ड्रम, एक टाकी, सात हंडे आणि न्हाणीतला रांजण कायम भरलेले असतात. त्या हिशेबाने आमचं घर बारा महिने आपत्तीला तयार आहे. ही तयारी कुणी करायला लावली तो वेगळा विषय आहे, पण मनात येतोच.

तरी मी पिशवी भरली. युरियाची धुतलेली गोणी, तिला आतून प्लास्टिक. त्यात रेशन कार्ड, आधार, सातबारा, पासबुकं, पोरांचे दाखले, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, टॉर्च, शिट्टी, आगपेटी, मीठ-साखरेच्या पुड्या, मुरमुरे-फुटाणे आणि थोडे बिबडे. एक लांब दोर. गोणी दारामागे खुंटीला अडकवली. आमचे हे हसले, म्हणाले, कुठे पळून जायचंय?

पोळ्याच्या आदल्या रात्री अडीचच्या सुमारास सासूबाईंना जाग आली. खाटेवरून पाय खाली सोडला, तर चप्पल पाण्यावर तरंगत होती. "ऊठ वं पोरी, पानी उनं!" आमच्याकडे तेव्हा नुसती बुरबुर चालू होती, म्हणून गाव बिनघोर झोपलं होतं. पाऊस पडला होता वर सातमाळ्याच्या डोंगरात. तिथलं पाणी नाल्याने खाली यायला दीड-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात वरच्या एखाद्या गावातून एक फोन आला असता तरी पुरे होतं. 2023 मध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले होते, आठवतं? आमची शेजारीण दचकून ओट्यावरून पडली होती. त्या रात्री मोबाइल गप्प. लाइट गेली आणि पाठोपाठ टॉवरही.

प्रशिक्षणात सांगितलं तसं मेन स्विच पाडला, गॅसचा रेग्युलेटर बंद केला, गोणी खांद्याला मारली. सासूबाई ह्यांच्या पाठीवर, दोन्ही पोरं दोराने माझ्या कमरेला. गल्लीत पाणी मांडीला लागत होतं. शाळेशी पोचलो तर जिन्याला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई तालुक्याच्या गावी. मागून माणसं येतच होती, चाळीसेक झाली असतील. पण खालची आळी अजून झोपलेली.

शाळेच्या व्हरांड्यात घंटा आहे. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, शेजारी तारेला लटकवलेली लोखंडी हातोडी. मी आधी ती घंटा बडवली. किती वेळ ते माहीत नाही, दुसऱ्या दिवशी उजवा हात वर होत नव्हता. खालच्या आळीत टॉर्च हलायला लागले, तेव्हा थांबले. मग त्याच हातोडीने कुलूप फोडलं. नवव्या घावाला तुटलं. सकाळी गच्चीवर मी मोजली, एकशे सदतीस माणसं होती. नोटिशीत घंटेचा उल्लेख नाही, तेवढा मी इथे करून ठेवते.

माणूस एकही गेला नाही. म्हणूनच बहुधा तुम्ही आला नाहीत. (इथून पुढे मला 'आपण' जमेल असं वाटत नाही.)

आमची म्हैस गेली. दुसऱ्या वेताची. सासूबाईंना गच्चीवर टेकवून हे परत गोठ्याकडे निघाले, तर छातीइतकं पाणी. लोकांनी धरून ठेवलं. चोरीच्या भीतीने ती साखळीला बांधलेली असायची. दावं असतं तर तिने तोडलंही असतं. खुंटा उपटला आणि साखळीसकट गेली. तिचा आवाज मी गच्चीवरून ऐकला. तिचाच होता. शेजारच्या जिभाऊंनी संध्याकाळीच बैलांची शिंगं रंगवून ठेवली होती, सकाळी पूजा म्हणून. सकाळी दोन्ही बैल बाभळीच्या वनात अडकलेले सापडले, शिंगांचा हिंगूळ तसाच.

सोळा पानांच्या तुमच्या रंगीत पत्रकात जनावरांवर एक ओळ नाही. 'पाणी येतंय असं वाटलं की आधी दावी सोडा', एवढी एकच ओळ हवी होती. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्या शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा शेकडो जनावरं मेली. चाळीसगाव काही जपानात नाही. पत्रक लिहिणाऱ्याने एकदा या रस्त्याने यायचं होतं.

म्हशीचे 37,500 रुपये मिळतात, तसा दर आहे. पण पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी विचारलं, शव कुठाय? शव गिरणेत, साहेब. साखळीसकट. शव नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर पैसे नाहीत. आणि असली दुभती म्हैस लाखाच्या खाली कुठल्या गुरांच्या बाजारात मिळते, तेही कुणीतरी सांगावं.

कपाशीचं तर विचारूच नका. अतिवृष्टी म्हणजे चोवीस तासांत 65 मिलिमीटर, तीही महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. आमच्या मंडळात तेवढा पडलाच नाही. पाऊस डोंगरात पडला, पाणी आमच्या शेतात आलं, आणि मोजणारं यंत्र तिसऱ्याच ठिकाणी कोरडं उभं. मग पूर म्हणून धरा की, म्हटलं तर उत्तर आलं, वर विचारतो. घरात पाणी शिरलं त्याचे कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500, केंद्राचे निकष तसेच आहेत. माझ्या गिरणीची मोटर चिखलाने भरली, ती कपड्यात बसत नाही आणि भांड्यातही बसत नाही. कोठीतले तीन क्विंटल गहू आंबले. तो वास अजून भिंतीला आहे.

1993 मध्ये किल्लारीचा भूकंप झाला, 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण आहे, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, जिल्ह्याचा आराखडा आहे, दरवर्षी पावसाळ्याआधी बैठक आहे. राज्याच्या आपत्ती दलाची तुकडी आमच्या धुळ्यात आहे, त्या पोरांचा अभिमानच आहे आम्हाला. पण रात्री अडीच ते चार या दीड तासात धुळ्याहून बोट कशी यायची? त्या दीड तासात गावाकडे जे असेल तेच खरं. आमच्याकडे एक खांब, एक फ्लेक्स आणि एक कुलूप होतं. आणि आता तर मला वाटायला लागलंय की 'घर सज्ज ठेवा' हा मोठा सोयीचा मंत्र आहे. घर बुडालं तर घरवाल्याची तयारी कमी पडली. गोणी आम्ही भरायची, पोहायला आम्ही शिकायचं, शिट्टी आम्ही वाजवायची, आणि कुलूप तोडलं तर खुलासाही आम्हीच द्यायचा. तुमच्या एका दौऱ्याच्या ताफ्यात जेवढं डिझेल जळतं तेवढ्यात एक भोंगा नक्की बसला असता. हिशेब चुकत असेल तर नोटीस पाठवा, सवय झाली आहे.

मागणं फार नाही. खांबाला भोंगा लावा, आणि तो लाइट गेल्यावरही वाजेल असा बघा. डोंगरात पाऊस मोजणारा माणूस ठेवा आणि त्याच्या हातात आमचा नंबर द्या. जनावर वाहून गेलं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष धरा. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मी फ्रेम करून भिंतीला लावलं होतं, ते गेलं. त्याची दुसरी प्रत नको.

शाळेच्या जिन्याला मी स्वतःच्या पैशाने नवीन कुलूप लावलं आहे, एकशे ऐंशीचं. सोबत दोन किल्ल्या आल्या. एक शाळेत दिली. दुसरी माझ्या गोणीत आहे, ती मागायला कुणाला पाठवू नका.

कळावे,
गिरणा खोऱ्यातली एक पिठाच्या गिरणीवाली